खोक्यातून आलेला मोतिया कोट

मित्रांनो, मी एक जुना मोतिया रंगाचा लोकरी कोट आहे. आज माझी कोपरं विरली आहेत आणि अस्तर काखेत उसवलं आहे. मला पाहून कुणी म्हणणार नाही की एके काळी मला साधा धुळीचा कण बसला तरी माझा जीव खालीवर होत असे. मी कुणाचं वाईट व्हावं असं कधी इच्छिलं नाही. तरीही एका भल्या माणसाचे हात माझ्यामुळे आखडले. ती गोष्ट मला सांगायची आहे.

माझं कापड कुठे विणलं गेलं ते मला आठवत नाही. आठवतं ते गोदाम. भलंमोठं, खिडक्या नसलेलं, हजारो कपड्यांनी भरलेलं. आम्ही दुकानात टांगले जाणारे कपडे नव्हतो. लोक घरी बसून आपली मापं, आवडीनिवडी, खर्चाची ऐपत असं सगळं कळवत. मग कुणी अनोळखी बाई त्यांच्यासाठी पाच कपडे निवडी. ते पाच जण एका खोक्यात बसून टपालाने त्यांच्या घरी जात. घालून बघायचं, आवडेल ते ठेवायचं, बाकीचं पाच दिवसांत परत पाठवायचं. निवडून देण्याचे वीस डॉलर वेगळे, पण एखादा कपडा ठेवला तर ते त्याच्या किमतीतून वजा होत.

मी दोनदा गेलो आणि दोनदा परत आलो. पहिल्या बाईंनी मला आरशासमोर घातलं आणि 'लगेच मळेल' म्हणून घडी घातली. दुसऱ्या बाईंनी मला खोक्यातून बाहेरही काढलं नाही. परत आलेल्या कपड्यांची गोदामात एका लांब टेबलावर तपासणी होई. दिव्याखाली उलटसुलट करून बघत. डाग दिसला की तो कपडा बाजूच्या करड्या डब्यात जाई. त्या डब्यात गेलेला कुणी पुन्हा मांडणीवर दिसला नाही. माझ्या शेजारचा एक निळा सदरा कॉलरवरच्या लालीच्या एवढ्याशा ठिपक्यापायी त्या डब्यात गेला. तेव्हापासून मी डागाला भिऊ लागलो. दोन्ही वेळा मी स्वच्छ परतलो याचा मला अभिमान वाटू लागला. नको तितका.

तिसऱ्या वेळी मी पेनसिल्व्हेनियातल्या एका नदीकाठच्या गावी गेलो. तिथला काचेचा कारखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. खोकं उघडलं ते मार्लिसने. ती एक्कावन्न वर्षांची होती, शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना जेवण वाढायची. त्या वर्षी शाळेने तिचे पाच दिवसांचे तीन दिवस केले होते. नवरा चार वर्षांपूर्वी वेगळा झाला होता. न्हाव्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची.

मार्च महिना होता, गुरुवारची संध्याकाळ. तिच्याबरोबर तिच्याच स्वयंपाकघरातली डोरीन आली होती. खोकं मागवायची युक्ती डोरीनचीच.

"आधी चिठ्ठी वाच," डोरीन पलंगावर बसत म्हणाली. "तुझ्या त्या शहाण्या बाईंनी काय लिहिलंय बघू."

मार्लिसने चिठ्ठी वाचली. "'तुम्ही गडद रंग मागितला होता, धुवायला सोपा. तसे कपडे पाठवले आहेत. एकच ठेवणार आहात हेही लक्षात आहे. पण तुम्ही लिहिलंत की वडिलांचा सत्कार आहे आणि तुम्ही त्यांच्या शेजारी उभ्या राहणार आहात. म्हणून हा एक कोट न मागता ठेवला. घ्यायलाच हवा असं नाही. नुसता घालून बघा. ओडेट.'"

"न मागता," डोरीन म्हणाली. "असंच करून विकतात."

वडिलांचा सत्कार शनिवारी होता. मार्लिसचे वडील एमिल आजोबा एकोणऐंशी वर्षांचे होते. काचेच्या कारखान्यातली नोकरी सांभाळून पन्नास वर्षं ते गावच्या अग्निशमन दलात बिनपगारी जात राहिले. शिडीवरून माणूस उतरवायचा तर एमिलनेच, असं गावात म्हणत. त्यांचे हात कधी हलत नसत. आता गेली चार वर्षं ते हात थरथरत होते. दुखणं मज्जातंतूंचं होतं. औषधाने थोडं थांबे, पुन्हा सुरू होई.

सत्काराला मार्लिसचा भाऊ आणि वहिनी ग्रेचेन पिट्सबर्गहून येणार होते. मागच्या ईस्टरला ग्रेचेन सगळ्यांसमोर म्हणाली होती, "मार्लिसचा हा काळा ड्रेस मला फार आवडतो. कुठलाही फोटो काढा, ती लगेच सापडते." सगळे हसले होते. मार्लिसही हसली होती.

ती एकेक कपडा घालून बघू लागली. करड्या पँटचं बटण लागेना.

"लागेल," मार्लिस म्हणाली.

"लागेल गं. पण श्वास घ्यायचा विचार असेल तर नको."

काळा टॉप बरा दिसला. पन्नास डॉलरच्या आत होता, म्हणजे तिला झेपणारा. मग तिने मला घातलं.

मित्रांनो, मी तिच्या खांद्यांवर असा बसलो की जणू तिचंच माप घेऊन मला बेतलं होतं. डोरीनची बडबड थांबली. मार्लिसने आरशात पाहिलं, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. तिने केस मागे घेतले. इतका वेळ स्वतःकडे बघायची तिला सवय नसावी, कारण थोड्या वेळाने ती स्वतःच ओशाळली. मग तिने बाहीला लोंबणारं किमतीचं लेबल उलटं केलं. एकशे चाळीस डॉलर.

"काढते," ती म्हणाली.

"थांब की. लेबल बाहीत सरकव. शनिवारी घाल, सोमवारी पाठवून दे. काळा टॉप ठेव, म्हणजे वीस डॉलरही फुकट जायचे नाहीत."

"घालून परत करायचा?"

"सगळे करतात."

"मी नाही केलं कधी."

"म्हणून तर दहा वर्षं एकच ड्रेस घालतेयस."

मार्लिसने मला अंगावरून उतरवलं. पण तिने मला खोक्यात ठेवलं नाही, हँगरवर लावलं.

ती वडिलांकडे पैसे मागू शकली असती. मागितले असते तर त्यांनी नक्की दिले असते, आणि तीच तिची अडचण होती. नवऱ्याशी कोर्टात चाललं होतं तेव्हा आजोबांनी आपली मासेमारीची बोट विकून वकिलाचे पैसे दिले होते. त्या बोटीत ते दर रविवारी जात. शाळेने दिवस कमी केल्याचं मार्लिसने त्यांना सांगितलंच नव्हतं. 'सगळं ठीक चाललंय पपा,' हेच ती सांगत आली होती.

शनिवारी दुपारी आम्ही अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये गेलो. लाल गाड्या बाहेर काढून आत टेबलं मांडली होती. हॅम, कोबी घालून परतलेल्या शेवया, लोणच्यातलं बीट. बीट पाहिलं आणि माझ्या अंगावर काटा आला. मार्लिसलाही आला असावा. तिने ते ताटात घेतलंच नाही. ग्रेव्हीही घेतली नाही. मांडीवर दोन आणि गळ्याशी एक रुमाल लावून ती पाव आणि हॅमचे बारीक तुकडे खात बसली. बाहीत लपवलेलं लेबल तिच्या मनगटाला टोचत होतं. ती सारखी तिथे हात नेई.

"कोट कसला सुंदर आहे," ग्रेचेन म्हणाली. या वेळी तिच्या बोलण्यात खोच नव्हती. "कुठे घेतलास?"

"टपालाने मागवला."

"तुला असंच काहीतरी घालायला हवं होतं. खरंच."

मार्लिसची मान थोडी ताठ झाली. माझीही कॉलर फुगली म्हणायची. किती खूश होतो आम्ही दोघं त्या घटकेला.

मग एमिल आजोबांना मंचावर बोलावलं. पितळी पाटी दिली. लोक उभे राहिले. भाषण करायला सांगितलं तर आजोबा तीनच वाक्यं बोलले. "मी एकट्याने कधी कुणाला खाली आणलं नाही. शिडी खालून कुणीतरी धरलेली असायची. धरणाऱ्यांपैकी निम्मे आज नाहीत, म्हणून त्यांच्या वाटणीच्या टाळ्या मीच घेतो." हॉल हसला, आणि हसता हसता बऱ्याच जणांनी डोळे पुसले.

ते खाली उतरले. पाटी एका काखेत. जो तो पाठीवर थाप मारत होता. कुणीतरी प्रेमाने कॉफीचा काठोकाठ भरलेला कप त्यांच्या हातात दिला, आणि तो ठेवायला जवळपास जागा नव्हती. तो कप घेऊन ते तसेच मार्लिसकडे आले. मला पाहून ते थांबले. त्यांचा चेहरा उजळला.

"अगं," ते म्हणाले, "तू थेट तुझ्या आईसारखी दिसतेयस."

त्यांनी काखेतली पाटी तिच्या खुर्चीवर ठेवली आणि रिकामा हात माझ्या कॉलरकडे पुढे केला. दुसऱ्या हातातला कप हिंदकळला. कॉफी काठावरून सांडू लागली.

मार्लिस दोन पावलं मागे सरली. तिने दोन्ही तळवे पुढे धरले, समोरून काहीतरी अंगावर येत असावं तसे.

"पपा, नको! लांब राहा."

कॉफी जमिनीवर सांडली. थोडी त्यांच्याच पांढऱ्या शर्टावर. जवळच्या दोन टेबलांवरचं बोलणं थांबलं.

मित्रांनो, आता जे सांगणार आहे ते सांगायला मला जड जातं. त्या क्षणी मला हायसं वाटलं. वाचलो, असं मला वाटलं. करडा डबा माझ्या डोळ्यांसमोर होता. समोर उभं असलेलं माणूस मला दिसलंच नाही.

आजोबांनी आधी आपल्या पुढे केलेल्या हाताकडे पाहिलं, मग कपाच्या हाताकडे. "चुकलंच माझं," ते म्हणाले. ग्रेचेन रुमाल घेऊन आली आणि त्यांचा शर्ट पुसू लागली. मार्लिस तिथेच उभी होती. खरं कारण सांगायचं तर वहिनीसमोर, सगळ्या गावासमोर लेबल बाहेर काढायला हवं होतं.

नंतर वर्तमानपत्राचा फोटो काढला. मार्लिस वडिलांच्या शेजारी उभी राहिली, ओडेटने लिहिलं होतं तशीच. तो फोटो आजही तिच्याकडे आहे. त्यात मी फार छान दिसतो. आजोबांनी मात्र दोन्ही हात पाठीमागे घेतले आहेत.

घरी आल्यावर मार्लिसने मला खिडकीपाशी नेऊन शिवणन् शिवण तपासली. एक ठिपका नव्हता. "स्वच्छ आहे," ती म्हणाली, आणि मला मांडीवर तसंच धरून पलंगावर बसून राहिली. रविवारी तिने दोनदा फोन उचलला आणि दोनदा खाली ठेवला.

सोमवारी सकाळी तिने मला घडी घालून खोक्यात ठेवलं आणि पोस्टाकडे निघाली. वाटेत वडिलांचं घर होतं. दर सोमवारी ती त्यांना सूप नेऊन देई. तिच्या गाडीची मागची काच वर सरकत नसे आणि बाहेर बर्फमिश्रित पाऊस पडत होता, म्हणून तिने खोकंही बरोबर घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर ठेवलं.

आजोबा टेबलाशी बसले होते. त्यांच्यासमोर झाकणाचा प्लास्टिकचा पेला होता, वरून नळी घातलेला. लहान मुलांना देतात तसला.

"हे काय आणलंस?" मार्लिसने विचारलं.

"दुकानात मिळतात. दोन घेतले." त्यांनी दुसरा पेला तिच्याकडे सरकवला. "हा तुझ्याकडे ठेव. मी आलो की त्यातच देत जा. म्हणजे तुझं काही खराब होणार नाही."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते तिची सोय बघत होते.

मार्लिसने सूप ओट्यावर ठेवलं आणि समोर बसली. "पपा, शनिवारचं तुला वाटतंय तसं नाही."

"मला काही वाटत नाही. हात हलतात ते सगळ्यांना दिसतं. फोटोच्या आधी मीच सांभाळायला हवं होतं."

"तो कोट माझा नव्हता."

मग तिने सगळं सांगितलं. खोकं, चिठ्ठी, लेबल, शाळेचे तीन दिवस. खोकं उघडून मला बाहेर काढलं आणि बाहीतलं लेबल दाखवलं. आजोबा ऐकत राहिले.

"म्हणजे माझ्या हातांची लाज नव्हती," ते म्हणाले.

"नाही रे पपा. कधीच नाही."

"कोटाचं होतं."

"कोटाचं होतं."

त्यांनी वाकून लेबलावरची किंमत वाचली. "माझ्याकडे मागायला काय झालं होतं?"

"तू बोट विकलीस."

"बोट माझी होती. मी विकली. तुला काय करायचंय?"

मार्लिस हसली, पण डोळ्यांना पाणी आलं. ती उठली. तिने मला अंगात घातलं, लेबल तसंच लोंबत ठेवून, आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "आता लाव हात."

आजोबांनी मान वर करून मला नीट पाहिलं. हात टेबलाखाली, मांडीवर होते. "सुंदर आहे. पण राहू दे. परत करायचाय ना."

मार्लिसने खण उघडला, कात्री काढली आणि लेबल कापून टाकलं.

"अगं, हे काय केलंस? आता पैसे भरावे लागतील."

"भरीन. लाव हात."

मी वाट बघत होतो. खरोखर सांगतो, त्या क्षणी मला कुठल्याही डागाचं भय उरलं नव्हतं. त्यांनी कॉफीचा अख्खा पेला माझ्यावर उपडा केला असता तरी चाललं असतं.

"हात ओले आहेत माझे," आजोबा म्हणाले.

ते कोरडे होते.

अशा रीतीने मी मार्लिसचा झालो. उरलेले चार कपडे तिने परत पाठवले, काळा टॉपसुद्धा. माझे पैसे भरायला पुढचे तीन आठवडे ती शाळा सुटल्यावर एका दवाखान्यात फरश्या पुसत होती. कंपनीने विचारणा केली, निवड कशी वाटली? तिने लिहिलं, 'कोट छान बसला.' ओडेटला यापलीकडे काही कळलं नसेल. बिचारीची निवड अगदी योग्य होती. मार्लिसने पुन्हा खोकं कधी मागवलं नाही.

तुम्हाला वाटेल, बापलेकीत खरं काय ते बोलून झालं, म्हणजे गोष्ट मिटली. आम्हालाही तसंच वाटलं होतं. आजोबा रुसले नव्हते. दर रविवारी ते मार्लिसकडे जेवायला येत, दलातल्या गमती सांगत, ग्रेचेनची नक्कल करत. डोरीनला तर हसू आवरत नसे. पण मी अंगावर असलो की ते हात खिशात घालत. निघताना मार्लिस मिठी मारायला गेली की हनुवटी तिच्या खांद्याला टेकवत, हात मात्र मागे. "अरे, धर की मला," ती एकदा म्हणाली. त्यांनी धरलं, लगेच सोडलं, आणि मग माझ्या पाठीकडे वाकून बघितलं, काही लागलं तर नाही ना म्हणून. कॉफी त्यांनी त्या झाकणाच्या पेल्यातूनच प्यायली, शेवटपर्यंत. त्यांना पटलं होतं की लेक आपल्याला लाजत नाही. पण आपल्या हातांना आवरायचं, हे ते त्या शनिवारी शिकले होते, आणि शिकलेलं त्यांना विसरता आलं नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात ते गेले. त्याआधीचे काही दिवस ते अंथरुणातच होते. औषधाने हात शांत केले होते. एका दुपारी मार्लिसने त्यांचा हात उचलून माझ्या बाहीवर ठेवला आणि तास दीड तास तशीच बसून राहिली. ते झोपेत होते. हात उबदार होता. पण तो तिने ठेवलेला होता.

त्यानंतर मार्लिसने मला जपणं सोडून दिलं. ती मला रोज घालते. शाळेतही, एप्रनशिवाय. पोरं खरकट्या हातांनी तिला बिलगतात आणि ती बिलगू देते. खिशाशी बीटाचा डाग आहे, छातीवर ग्रेव्हीचा, बाहीवर कुणाच्या रंगपेटीतला निळा. डोरीन म्हणते, "हा कोट आहे की आठवड्याच्या जेवणाचा तक्ता?" मार्लिस म्हणते, "असू दे. त्यासाठीच घेतलाय."

मित्रांनो, कपड्यांची काळजी घ्या, असं मी तुम्हाला सांगायला हवं. घ्याच. धुवा, उन्हात घाला, बटण सैल झालं तर वेळेवर टाका घाला. आम्हालाही बरं वाटतं. पण तुमच्याकडे कुणी हात पुढे करून येत असेल, तर त्या घडीला आमच्याकडे बघू नका. आम्ही कापड आहोत, आम्हाला पाणी चालतं, साबण चालतो. माझ्या अंगावर आज किती डाग आहेत ते मी मोजणं सोडलं आहे. त्यांत कॉफीचा एकही नाही.